उशिरानें आलेलें पदक
(रायगड-किनाऱ्यावरील शिपाई, त्यांच्या जखमा आणि त्यांचे कागद)

कांहीं वर्षांपूर्वीं श्रीवर्धन तालुक्यांतील एक निवृत्त शिपाई प्रस्तुत लेखकाकडे एक अर्ज लिहून घेण्यासाठीं आले. त्यांचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. इ. स. १९८७ च्या हिंवाळ्यांत श्रीलंकेंत गेलेल्या भारतीय शांतिसेनेंत ते होते, आणि तेथें त्यांच्या डाव्या मांडींत गोळी शिरून आरपार गेली. शत्रूच्या प्रत्यक्ष हल्ल्यांत जखमी झालेल्या सैनिकास आपल्या सरकारकडून पराक्रम पदक मिळतें. त्यांच्या पलटणींतील इतरांस तें मिळालें, यांस मिळालें नाहीं. तरुणपणीं त्याचें कांहीं वाटलें नाहीं. आतां नातवंडें विचारूं लागलीं, तेव्हां वाटूं लागलें. अडचण एवढीच कीं, इस्पितळाची चिठ्ठी व पलटणीचे कागद ज्या पत्र्याच्या पेटींत होते, ती पेटी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत घराचीं कौलें उडालीं त्या दुपारीं भिजून तिच्या आंतील कागदांचा लगदा झाला. "गुरुजी, जखम आहे, पण कागद नाहीं," असें म्हणून त्यांनीं धोतर वर करून खूण दाखविली.

हें वाक्य माझ्या डोक्यांत राहिलें. अर्ज तर लिहिलाच, परंतु त्या निमित्तानें जुनीं टिपणें चाळतां एक गोष्ट स्पष्ट झाली. लढाईंत पडलेल्या जखमेचा मान देण्याच्या दोन निरनिराळ्या तऱ्हा आपल्या इतिहासांत आहेत. एका तऱ्हेंत जखम पाहिली जाते, दुसरींत यादींतलें नांव पाहिलें जातें. आपल्या किनाऱ्यावरील माणसांनीं दोन्ही अनुभवल्या आहेत. संग्राहकांच्या हातीं येणाऱ्या जुन्या पदकांचा अर्थही या भेदावांचून नीट लागत नाहीं, म्हणून तो येथें मांडतों.

कौटिल्यानें सेवेंत मेलेल्यांच्या बायकामुलांस अन्न व वेतन चालवावें असें सांगितलें आहे, आणि युद्धाच्या वेळीं शस्त्रें व औषधें घेतलेले वैद्य सैन्याच्या पाठीशीं ठेवावे असेंही सांगितलें आहे. जखमेबद्दल अंगावर मिरवावयाचें चिन्ह मात्र त्याच्या ग्रंथांत नाहीं. "पदक" हा शब्द संस्कृत खरा, पण त्याचा अर्थ गळ्यांतील अलंकाराचा. आजोबांच्या गोफांत जें लोंबतें तें पदक. शिपायाच्या छातीवर नांव घालून द्यावयाची चांदीची चकती हा अर्थ अलीकडचा. आमच्या कोंकणांतील जुने पेनशनर तिला बिल्लाच म्हणत.

आतां शिवकाल. कृष्णाजी अनंत सभासदानें इ. स. १६९७ त जिंजीस राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली, तींत प्रतापगडच्या प्रसंगानंतरची व्यवस्था दिली आहे. जे कामास आले त्यांच्या मुलांस चालविलें; मुलगा नसेल तर बायकोस अर्धें वेतन; आणि जखमींस दोनशें, शंभर, पन्नास, पंचवीस होन, जशी जखम तसे. बखरीचा वाचक येथें सावध राहील. १६५९ ची गोष्ट अडतीस वर्षांनीं लिहिली गेली आहे, आणि आंकड्यांची ही उतरती भाजणी कारकुनी हाताची दिसते. तरी चाल खोटी म्हणतां येत नाहीं. पेशव्यांच्या रोजनिशींतून व जमाखर्चांतून जखमींस दिलेल्या रकमा आणि लढाईंत पडलेल्यांच्या मुलांस दिलेली बालपरवेशी वारंवार आढळते. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याचाही हिशोब होई. या व्यवस्थेंत दयेपेक्षां व्यवहार अधिक होता, हें मान्य. पण जखम ताजी असतांना, ज्याच्या हाताखालीं ती झाली त्याच्याच डोळ्यांदेखत तिची किंमत ठरे. तीस वर्षांनीं पुरावा मागण्याचा प्रश्नच येत नसे.

कंपनीच्या पलटणींत किनाऱ्यावरची माणसें फार लवकर शिरलीं. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहें, महाड या बाजूचे मराठे, महार, मुसलमान आणि ज्यांस आपल्याकडे शनवार तेली म्हणत ते बेने-इस्राएल यांची मुंबईच्या देशी पायदळांत मोठी भरती असे. आंग्र्यांचें संस्थान १८४० पर्यंत स्वतंत्र नांदत होतें. म्हणजे त्यापूर्वीं कुलाब्याचा माणूस कंपनीची चाकरी करी ती परमुलुखांत जाऊन करी. मुंबईंतील बेने-इस्राएलांचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ त बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनीच्या फौजेंतलेच, टिपूच्या कैदेंतून सुटून आलेले. आडनांवच सांगतें कीं घराणें दिवेआगरचें.

प्रारंभीं कंपनी पदकें वेळेवर देई, पण दर्जा पाहून. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या विजयाचें पदक मोठ्यांस सोन्याचें, त्याखालच्यांस मुलाम्याचें, चांदीचें, तांब्याचें, आणि साध्या शिपायास कथलाचें. लढाई एक, धातु पांच! हें कथलाचें पदक आज चांगल्या स्थितींत मिळणें कठीण. शिपायांच्या घरांत कथलाची ती चकती किती दिवस टिकणार?

यानंतर मराठ्यांशीं झालेल्या मोठ्या लढायांबद्दल पुष्कळ वर्षें शिपायांस पदक मिळालें नाहीं. असई (२३ सप्टेंबर १८०३), अडगांव, गाविलगड, खडकी (५ नोव्हेंबर १८१७), सीताबर्डी, महिदपूर, कोरेगांव (१ जानेवारी १८१८) अशा लढाया झाल्या, शिपाई म्हातारे झाले, मेले. विलायतेंत १८४७ त नेपोलियनशीं झालेल्या युद्धांतील हयात शिपायांस पदक देण्याचें ठरलें. मग हिंदुस्थानांतल्या जुन्या लढवय्यांनीं काय केलें होतें, हा प्रश्न उघड होता. अखेर मार्च १८५१ त "हिंदुस्थानच्या फौजेचें पदक" देण्याचा ठराव झाला. खर्च कंपनीचा, मुखवटा व्हिक्टोरिया राणीचा. पाठीवर बसलेली विजयदेवता व जवळ ताडाचें झाड, फीत फिकट निळी, वर लढाईच्या नांवाच्या आडव्या पट्ट्या. अशा पट्ट्या एकंदर २१. पदकावर वर्षें १७९९ ते १८२६ अशीं घातलीं आहेत, पण ज्यांस पट्टी आहे अशी पहिली लढाई १८०३ ची आहे. नव्या संग्राहकाची येथें नेहमीं फसगत होते.

पदक हयातांसच मिळावयाचें होतें, आणि तेंही मागितल्यावर. असईच्या दिवशीं वीस वर्षांचा असलेला शिपाई १८५१ त अडुसष्ट वर्षांचा. कोरेगांवच्या दिवशीं वीस वर्षांचा असलेला त्रेपन्न वर्षांचा. ज्यानें तेथें जखम घेतली, लंगडत गांवीं परतला, दहापंधरा वर्षें भातशेती करून १८३५ त मेला, त्याला पदक नाहीं. ज्याला ओरखडाही उठला नाहीं पण जो १८५१ पर्यंत जगला, त्याला आहे. कोरेगांवच्या स्तंभाची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजीं झाली. कामास आलेल्यांचीं नांवें तीन वर्षांत दगडावर चढण्याची तजवीज झाली. जगलेल्यांस चांदी मिळावयास तेहतीस वर्षें लागलीं. या दोहोंच्या मधें जे मेले त्यांचा हिशोब कोणत्याच पदकावर नाहीं. एकंदर साडेचार हजारांच्या आसपास पदकें वांटलीं गेलीं. तेवीस वर्षांच्या लढायांत किती माणसें उतरलीं असतील याचा विचार केला म्हणजे हा आंकडा किती तुटपुंजा तें ध्यानांत येतें.

आणखी एक गोष्ट रायगडकरांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या २१ पट्ट्यांत रायगडाची पट्टी नाहीं. कर्नल प्रॉथर यानें १८१८ च्या एप्रिल-मेंत महाड, पाचाड या वाटेनें येऊन गडास वेढा घातला, तोफा डागल्या, वाडे जळाले, बाजीरावाची स्त्री वाराणसीबाई आंत होती, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यांत गड खालीं झाला. त्या आगींत काय काय जळालें याची हळहळ या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु त्या वेढ्यांत जखमी झालेल्या कंपनीच्या शिपायास तेवढ्यावरून १८५१ चें पदक मागतां आलें नाहीं. मालेगांवच्या किल्ल्यापुढें पुष्कळ माणूस पडलें, त्याचीही पट्टी नाहीं. अष्टीचीही नाहीं, जेथें बापू गोखले पडले. कोणती लढाई मोठी हें ठरविणारांनीं या लढाया मोठ्या मानल्या नाहींत. गडावरून गोळा झेलणारा आणि गडाखालून जखम घेणारा, दोघेही कदाचित् एकाच तालुक्याचे असतील. दोघांच्याही घरांत त्या दिवसाचें कांहीं चिन्ह नाहीं.

नांवाचा घोटाळा ही याहूनही नाजूक बाब. पलटणींच्या याद्यांत शिपायाचें नांव, फार तर बापाचें नांव. आडनांव बहुधा नाहींच. महार शिपायांचीं नांवें "नाक" या शेवटाचीं. रामनाक, सोननाक, गणनाक अशीं एकाच कंपनींत दोन दोन, तीन तीन. इंग्रज लेखनिकानें तीं ऐकलीं तशीं लिहिलीं. तेहतीस वर्षांनीं म्हातारा येऊन म्हणतो, तो गणनाक मीच. आणि यादींत गणनाक तीन. यांतला जखमी कोणता? अशा वेळीं पेनशनीचा दाखला असेल तर काम होई, कारण पेनशन देतांना अंगावरच्या खुणा लिहून घेण्याची रीत होती. म्हणजे फिरून जखमच उपयोगीं पडे. पण जखम म्हणून नव्हे, ओळखीची खूण म्हणून. जुन्या पेनशनी कागदांत उजव्या खांद्यावर व्रण अशा तऱ्हेची ओळ दिसली तर संग्राहकांनीं ती शोभेची समजूं नये.

याच कारणानें माझी एक तक्रार आहे, ती येथें नोंदवितों. व्यापारी पदक उचलतात आणि सोबतचा फाटका दाखला टाकून देतात. चांदी विकते, कागद विकत नाहीं. पदकाच्या कडेवर नांव असतें हें खरें. पण वर सांगितलेल्या नांवांच्या गोंधळांत कागदावांचून तें नांव कोणाचें हें कसें ठरणार? पट्टीही मागाहून बसवितां येते. किनाऱ्यावरच्या बेने-इस्राएल घराण्यांपैकीं बहुतेक १९४८ नंतर इस्रायलास गेलीं, आणि त्यांच्याबरोबर पदकेंही गेलीं. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनीं १८९७ त लिहिलेला व १९३७ त तेल अवीव येथें छापला गेलेला बेने-इस्राएलांचा इतिहास हातीं आहे म्हणून त्यांच्यांतील देशी अंमलदारांचा मागोवा थोडा तरी घेतां येतो. कुणबी, भंडारी, महार, कोळी घराण्यांस असा किहीमकर लाभला नाहीं.

महार घराण्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यांस एका शिपायाच्या पदकाऐवजीं सबंध चाकरीचाच दाखला मागण्याची पाळी आली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर १८८६ त पलटणींतून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. १८८८ त त्यांनीं "विटाळ विध्वंसन" लिहिलें. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हां १८९४ त त्यांनीं मुंबईच्या सेनापतीस उद्देशून विनंतिपत्राचा मसुदा केला. ज्यांच्या बापजाद्यांनीं पलटणींत चाकरी केली त्यांच्या नातवांस दरवाजा कां बंद, असा त्याचा रोख. पुढें १९१० त शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकारानें जेजुरीहून विलायतेच्या स्टेट सेक्रेटरीकडे अर्ज गेला. १९१७ त, महायुद्धांत माणूस कमी पडूं लागल्यावर, १११ वी महार पलटण उभी झाली आणि १९२१ त मोडली. दुसऱ्या महायुद्धांत १ ऑक्टोबर १९४१ रोजीं बेळगांवीं महार रेजिमेंट उभें राहिलें, तेव्हां त्याच्या चिन्हांत कोरेगांवचा स्तंभ घेतला गेला. घरोघर जपलेल्या बिल्ल्यांस व पेनशनी पुस्तकांस या सगळ्या अर्जांत केवढें मोल होतें, हें वलंगकरांच्या मसुद्याची भाषा पाहिल्यावर कळतें. पदक हा त्यांच्या दृष्टीनें दागिना नव्हता, साक्षीदार होता.

पहिल्या महायुद्धाची आठवण सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या कोंकणांतल्या कित्येक गांवीं चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतींत बसविलेल्या आहेत. या गांवांतून अमुक माणसें १९१४ ते १९१९ च्या युद्धास गेलीं, त्यांपैकीं अमुक परत आलीं नाहींत, एवढाच मजकूर. आंकडे आहेत, नांवें नाहींत. जखमींचा तर आंकडाही नाहीं. मीं नोकरींत असतांना अशा पाट्यांखालीं मुलांस उभें करून गांवच्या म्हाताऱ्यांकडून नांवें वदवून घेण्याचा खटाटोप केला. दोन पिढ्या उलटून गेल्यामुळें हातीं फारसें लागलें नाहीं.

याउलट, कागद चालता राहिला तर काम किती झटपट होतें याचें उदाहरण याच जिल्ह्यांत आहे. माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे, पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे. इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत १० जुलै १९४४ रोजीं तुकडींतले सर्व सोबती पडल्यावर त्यांनीं एकट्यानें शत्रूच्या मशिनगनीवर चाल करून ती बंद पाडली आणि लगेच लपलेल्या नेमबाजाच्या गोळ्यांनीं प्राण सोडला. त्याच वर्षीं २ नोव्हेंबरला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. चार महिने पुरते झाले नव्हते. साहजिकच आहे, पाहणारे अंमलदार हयात होते, हकीकत ताबडतोब लिहिली गेली. व्हिक्टोरिया क्रॉसासाठीं म्हाताऱ्यास अर्ज करीत फिरावें लागत नाहीं. साध्या जखमेच्या पदकासाठीं फिरावें लागतें, कारण तिची हकीकत कोणी लिहीत नाहीं. ती इस्पितळाच्या वहींतली एक ओळ असते.

ही ओळ गेली कीं काय होतें हें आपल्यापुरतेंच आहे असें नाहीं. अमेरिकेंत वॉशिंग्टननें १७८२ त काढलेलें शिपायांचें मानचिन्ह दीडशें वर्षें विस्मृतींत पडलें होतें. तें १९३२ त "पर्पल हार्ट" या नांवानें पुनः निघालें आणि पहिल्या महायुद्धांतल्या जखमींस मागाहून अर्ज करण्याची मुभा मिळाली. पण १२ जुलै १९७३ रोजीं सेंट लुई येथील सरकारी दप्तरास आग लागून सैनिकांच्या दीड कोटीहून अधिक नस्ती जळाल्या, आणि तेव्हांपासून तिकडचे कित्येक वृद्ध आमच्या श्रीवर्धनकरांसारखेच जखम दाखवीत आहेत. विलायतेंतही पहिल्या महायुद्धांतल्या शिपायांचे बरेचसे कागद सप्टेंबर १९४० च्या बाँबवर्षावांत जळाले. जे उरले ते आजही तेथें "जळके कागद" म्हणूनच ओळखले जातात.

आतां आमच्या अर्जाकडे वळतों. एका कचेरीनें तो दुसरीकडे धाडला, दुसरीनें इस्पितळांत दाखल झाल्याचा क्रमांक विचारला. क्रमांक त्या चिठ्ठीवर होता, आणि चिठ्ठी वादळांत गेली. तेव्हां मीं त्यांस विचारलें, तुम्ही जखमी असतांना घरीं पत्र पाठविलें होतें काय? त्यांस आठवेना. त्यांची थोरली बहीण पलीकडच्या गांवांत असते, तिच्याकडे आम्ही दोघे गेलों. तिनें देव्हाऱ्याखालच्या डब्यांतून आईचें म्हणून ठेवलेलें पुडकें काढलें. त्यांत दोन रेशनकार्डें, एक खंडाची पावती आणि निळें आंतर्देशीय पत्र निघालें. पत्त्याच्या कोपऱ्यांत ५६ ए.पी.ओ., तारीख नोव्हेंबर १९८७ ची, आणि मजकुराच्या वर त्यांच्याच हातानें लिहिलेला वॉर्डाचा व खाटेचा क्रमांक. खालीं आईस लिहिलें होतें कीं, मांडीस थोडें लागलें आहे, भात झोडून झाला कीं नाहीं तें कळवावें. ते पत्र वाचीत बराच वेळ बसून राहिले.

वॉर्डाचा क्रमांक हा दाखल क्रमांक नव्हे, हें मला ठाऊक आहे. तरी पोस्टाच्या शिक्क्यावरून काल ठरतो, वॉर्डावरून इस्पितळ ठरतें, आणि त्या इस्पितळाच्या वहींत त्या महिन्याचीं पानें उलटलीं तर ती ओळ सांपडण्याचा संभव आहे. असें सविस्तर लिहून, पत्राची छायाप्रत जोडून, फिरून अर्ज धाडला आहे. त्याचें उत्तर हें टिपण लिहीपर्यंत आलेलें नाहीं. ज्या वाचकांच्या संग्रहीं कुलाबा किंवा रत्नागिरी जिल्ह्यांतील शिपायांचीं पदकें सोबतच्या पेनशनी दाखल्यांसह किंवा पत्रांसह असतील, त्यांनीं त्यांच्या नकला, व्रणांचा व ओळखीच्या खुणांचा मजकूर न गाळतां, मंडळाकडे पाठवाव्या. मूळ पत्र बहिणीस परत केलें. तिनें तें पुसून त्याच डब्यांत पावतीखालीं ठेवलें.